बिनगाईचा गोबर गॅस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
१८ फेब्रुवारी १९८६

चि. मलप्पा भावजी यांस,

गौरम्मा वैनीचे आशीर्वाद. जगदेवीला सांगा, लेक शिवकांताच्या डोक्यावरून हात फिरवा. माझी तब्येत आहे तशी आहे. तुमच्या विष्णुपुरीला नदीचं पाणी आहे, तेव्हा तुम्ही मजेत असणार, वेगळं विचारत नाही.

तुमचं पत्र पोचलं. घर बघायला माणसं पाठवतो, नीट दाखवा, असं तुम्ही लिहिलं होतं. दाखवून राहिले. दोघं-तिघं येऊन गेले. त्यांची हकीकत कळवते. तुम्ही इंजिनेर कॉलेजात शिकवता, पोरांना सांगायला उपयोगी पडेल.

पहिले आले ते बँकेतले. आल्या आल्या आत बसले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरात लई गार वाटतंय हो." मी म्हटलं, आमच्या भावजींनी पश्चिमेच्या भिंतीला आतून दुसरी भिंत घातलीय, दोन्हींच्या मधी हवा ठेवलीय, ऊन आत येत नाही. त्यांनी मान हलवली, खिशातून टेप काढला आणि खोली मोजायला लागले. मग बायकोला म्हणाले, "हितं कपाट बसायचं न्हाई." तुमच्या दुसऱ्या भिंतीनं जेवढी जागा खाल्ली तेवढे पैसे किमतीतून कापायला सांगितले. उठताना परत म्हणाले, पण गार आहे बरं का.

दुसरे पाटबंधाऱ्यातले. ते बायकोला घेऊन थेट गच्चीवर गेले. चुन्यानं पांढरी केलेली गच्ची बघून बाईनं डोळ्यांवर पदर घेतला. तुमचा उन्हाचा बंब साहेबांनी वाकून वाकून बघितला, काच, काळा पत्रा, नळ्या. "पाणी किती तापतं?" म्हटलं, हात भाजेल एवढं. "आन् पाणी कुठाय?" टाकी कोरडी ठणठणीत आहे हे त्यांना दिसत होतं. इथं नळाला पाणी कधी येतं ते नळालाच ठाऊक. टँकरच्या मागं पळून जी घागर मिळते ती प्यायला पुरत नाही, तापवायला कुठून आणायची. जाताना साहेब म्हणाले, हे धूड उतरवायचा खर्च तुमच्याकडं, न्हाईतर स्लॅब गळंल.

तिसऱ्या आलेल्या बाईनं उंचावरच्या खिडक्या बघितल्या. तुम्ही गरम हवा बाहेर जायला ठेवल्यात त्या. ती म्हणाली, यातून चोर येतील.

तर भावजी, गारवा सगळ्यांनी अंगाला लावून घेतला, दाम कुणी दिला नाही. जिल्हा झाल्यापासून साहेब लोक घरं शोधत फिरून राहिलेत हे तुमचं खरं आहे. पण ते विचारतात बोअरला पाणी आहे का, स्कूटर आत येते का, आणि शेजार कुणाचा आहे. तुम्ही आपल्या ओसरीवर बसून अण्णांना काय सांगितलं होतं ते मला तोंडपाठ आहे. "अण्णा, ऊन फुकट, शेण फुकट. लातूर जिल्हा झालं की असं घर दीडपटीनं जातंय बघा." ते तुमच्या तोंडाकडं बघत बसायचे. धाकटा भाऊ शिकला याचं त्यांना लई कौतुक. गूळ बाजारात जिंदगीभर मुनिमी करून जे मागं टाकलं होतं ते त्यांनी तुमच्या हिकमतीत घातलं. त्या गारव्यात एक उन्हाळा काढणं त्यांच्या नशिबात नव्हतं. आणि त्यांचे दिवस उरकायच्या आत तुम्ही टेप लावून खोल्या मोजल्या, तेही मला आठवतं.

गोबर गॅसचं विचारलं होतं. चालतो. चांदी गाय दारातून हलवावी लागली, चारा नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आणि देगलूरच्या व्यंकट मिस्त्रीनं खपून जे जोडून दिलं, त्यावर शेगडी चांगली निळी पेटते. त्याबद्दल मी कुणापाशी बोलले नाही. तुम्ही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

आता एक मी विचारते. घर विकल्यावर मी कुठं जायचं, हे तुमच्या पत्रात कुठं नाही. उलटून पालटून वाचलं. जागा तुम्हा दोघा भावांच्या नावावर, घर अण्णांनी बांधलेलं, आणि मला मूलबाळ नाही. कचेरीतले म्हणाले, बाईच्या सहीबिगर विकत नाही, तेव्हा सही मी करायची आहे. सही करून कुठल्या दारात उभी राहू ते सांगा. मुरूडला भावाच्या घरात त्याच्याच सुना मावत नाहीत. काहीतरी लिहा. खोटं लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

जत्रा तोंडावर आलीय. शिवकांता माझ्याजवळ शिकायला होती तेव्हा पाळण्यात बसायची आणि वरून काकू काकू ओरडायची. तिला सांगा मी विचारत होते म्हणून.

तुमची वैनी,
गौरम्मा


लातूर,
२४ मार्च १९८६

चि. मलप्पा भावजी यांस,

वैनीचे आशीर्वाद. तुम्ही सगळे सुखरूप असाल असं धरून चालते. हे पत्र सावकाश बसून वाचा. जगदेवीला मोठ्यानं वाचून दाखवू नका.

उदगीरच्या गुरुपादप्पांबद्दल तुम्ही लिहिलं त्याप्रमाणे सगळा बंदोबस्त केला. किराण्याचे मोठे व्यापारी, लातूरला दुसरं दुकान टाकणार, घरासाठी तुम्ही म्हणाल तो दाम देणार, आणि त्यांच्या घरचे स्वामी सोबत येणार, जंगम आहेत, मान ठेवा. "जेवण घाला. स्वयंपाक सगळा गॅसवर करा, त्यांच्या समोर पेटवून दाखवा. गाय एक दिवस दारात आणून बांधा." एवढं सगळं खुलासेवार. आणि माझ्या प्रश्नाला, "तुमच्या राहण्याचं बघू." शिकलेल्या माणसाला थोडक्यात लिहिता येतं.

ते चौघं आले. गुरुपादप्पा, त्यांची मालकीण, त्यांचा पोरगा आणि स्वामी. पोरगा बरा आहे, नाकीडोळी नीटस, तोंडातून शब्द काढत नाही. मी उरलेल्या पाण्यातली घागर डोक्यावरून घेतली, मडीचं सोवळं पातळ नेसले आणि त्यांच्या समोर काडी ओढली. शेगडी भकन पेटली. गुरुपादप्पा म्हणाले, "वा. ना धूर ना काजळी." मालकीण म्हणाली, "भांडी बी काळी होत न्हाईत म्हणा की." मी म्हटलं, होत नाहीत. तुमच्या दिराची अक्कल मोठी आहे, असं दोघं म्हणाले. ते मी आवर्जून कळवते.

शेंगाची पोळी केली, भरली वांगी, आमटी, भजी, भात. स्वयंपाक होईस्तोवर मालकिणीनं घर फिरून बघितलं. ती काय काय बोलली ते आज लिहीत नाही.

पादपूजा गुरुपादप्पांनी केली. स्वामींनी हातावर लिंग घेऊन पूजा केली आणि पाटावर बसले. म्हातारे आहेत, सावकाश जेवतात, पोळी मागून घेऊन जेवले. "बाई, तुझ्या हाताला चव हाय," म्हणाले. गुरुपादप्पांचं जेवण आधी उरकलं. ते हात धुऊन परसात गेले. मी दारात उभी राहून स्वामींना वाढत होते, तिथनं परसातलं बोलणं ऐकू येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

गुरुपादप्पा म्हणाले, "घर पसंत हाय. गॅस बी झकास. पण वैनी, शेण कुठलं? दारात जनावर दिसंना."

म्हटलं, "गाय हलवलीय. चारा न्हाई."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

त्यांनी टाकीवरचा लोखंडी ड्रम बघितला. माल तोलून तोलून पांढरे झालेले केस त्यांचे. "दिवाळीपासून शेण न्हाई, आन् गॅसनं ड्रम एवढा वर चढलाय. ते कसं?"

"आमच्या भावजींनी जोडून दिलंय."

"काय जोडलंय?"

मी तोंडानं काही बोलले नाही, भावजी. तुम्ही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. मी बोट केलं. भिंतीच्या कडेनं व्यंकट मिस्त्रीनं घातलेला पाईप, तो जिथनं येतो तिकडं. संडासाकडं.

गुरुपादप्पा बोटाच्या रोखानं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, मग आत ताटाकडं. स्वामींच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला. ओरडले नाहीत की काही नाही. मला म्हणाले, "बाई, तुला ठावं होतं?"

म्हटलं, "हाव."

"आन् वाढलंस?"

"दिरानं सांगितलं तसं केलं."

स्वामींनी आंघोळीला पाणी मागितलं. घरात तळाची एक घागर होती, ती दिली. ते म्हणाले, "ह्यानं काय हुतंय," आणि तशीच डोक्यावर ओतून घेतली, कपड्यांसकट. मालकीण तुमच्या दुहेरी भिंतीला धरून ओकत होती. पोरगा तिला धरून उभा होता. मी कढई खाली उतरवली आणि शेगडी बंद केली. गॅस फुकट कशाला घालवायचा.

जोडणी करताना तुम्ही मला म्हणाला होतात, वैनी, जगात सगळीकडं करतात, आग लागली की सगळं शुद्ध, गॅस तो गॅसच. मला ते बरोबर सांगता येत नाही. ते स्वामींना सांगायला तुम्ही स्वतः असायला पाहिजे होता.

जाताना गुरुपादप्पा दारात थांबले आणि म्हणाले, "मलप्पाला सांगा, घर बी त्याचं त्यालाच लखलाभ, आन् पोरगी बी." शिवकांताचा विषय त्यांच्या तोंडी कसा आला? त्या पोरीचा या सौद्याशी काय संबंध, ते तुम्ही मला उलट टपाली कळवा. मी वाट बघते.

तुमची वैनी,
गौरम्मा


लातूर,
२१ जून १९८६

मलप्पा भावजी यांस,

आशीर्वाद आहेत. मिरगाचं नक्षत्र कोरडं गेलं. टँकर आता गल्लीच्या तोंडाशी थांबतो, आत येत नाही. तुमची तीन पत्रं साचली. पहिल्या दोहोंना उत्तर दिलं नाही, कारण त्यात नुसत्या शिव्या होत्या. तिसऱ्यात तुम्ही जगदेवीनं जेवण सोडलंय असं लिहिलं आणि सहीचे कागद परत धाडले, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही लिहिता, वैनी, हे तुम्ही मुद्दाम केलं. हाव, मुद्दाम केलं.

कसं केलं ते सांगते, म्हणजे तुमची तसल्ली होईल. मागच्या पत्रात मालकिणीचं बोलणं लिहिलं नव्हतं. ती मधल्या खोलीत उभी राहून म्हणाली, "हितं सुनंचं कपाट. हितं पाळणा बांधायचा. मागची खोली कवा रिकामी करून देताव?" मी विचारलं, कोण सून? ती हसली. "तुमचीच की हो पोरगी. शिवकांता. मलप्पांनी सांगितलं न्हाई व्हय? घर बी आमी घेताव, पोरगी बी आमी घेताव, म्हणून तर हुंड्याचं काही बोललो न्हाई." मग सांगायला लागली की लग्न वैशाखात आहे, आणि तुम्ही त्यांना शब्द दिलाय, म्हातारीला मुरूडला धाडतो, लग्नाच्या आधी घर मोकळं.

मला चाळीशी ओलांडून थोडी वर्षं झाली, भावजी. म्हातारी मी त्या दिवशी झाले.

तेव्हा कढईत भजी होती. पोळ्या व्हायच्या होत्या. मागच्या खोलीत माझी चूल आहे, लाकडाची. तिच्यावर स्वयंपाक करून वाढला असता तरी पाहुण्यांना कळलं नसतं, स्वामींचं सोवळंही राहिलं असतं. मी विचार केला आणि पुढच्या सगळ्या पोळ्या गॅसवरच केल्या. एक एक पोळी टम्म फुगली.

गाईचं ऐका. चांदीला हलवली एवढंच मी लिहिलं होतं. मुरूडला धाडली असं तुम्ही समजून घेतलं. ती मागच्या गल्लीत उमाबाईच्या दारात आहे, तिचा पोरगा कारखान्यावरून उसाचं वाढं आणतो, त्यात तिचंही भागतं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. उमाबाई त्या सकाळी दोनदा येऊन म्हणाली, "आणू का गं बांधायला?" मी म्हटलं, नको. तोवर मला शिवकांताचं माहीतही नव्हतं. तेव्हा नुसता घराचा सौदा मोडायचा होता. गाय दारात दिसली असती तर कुणी काही विचारलं नसतं, आणि मी या जन्मात कुणाला सांगितलं नसतं. व्यापारी माणूस आधी शेण कुठाय ते बघतो, हे गूळ बाजारातल्या मुनिमाची बायको म्हणून राहून मला कळलं. तुम्हाला कॉलेजात राहून कळलं नाही.

आणि हे पण कळवते, की त्या गॅसवरचा एक घास तेव्हापर्यंत माझ्या पोटात गेला नव्हता. दिवाळीपासून मी मागं चुलीवर भाकरी थापून खात होते. अण्णांच्या फोटोला नैवेद्यही चुलीवरचा. तुम्ही संक्रांतीला तिघं आलात, तुम्हाला मी गॅसवरचं वाढलं. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही मिटक्या मारत जेवलात. जगदेवीला ठाऊक नव्हतं. शिवकांताला ठाऊक नव्हतं. त्यांना तुम्ही सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

शिवकांताचं पत्र आलं होतं. एकच ओळ. "काकू, तुम्ही मला ते कसं वाढलंत?" दुसरीपासून सातवीपर्यंत ती माझ्या कुशीत झोपली. तिच्या केसांतल्या उवा मी काढल्या, तिला पहिल्यांदा पातळ मी नेसवलं. उत्तर लिहायला बसले आणि पोस्टकार्ड ओलं झालं, टाकून दिलं. दुसऱ्यावर लिहिलं, तुझ्या वडलांना विचार. तेच धाडलं. तिच्यासाठी जीव तुटतो माझा, खोटं कशाला सांगू. पण जिला मी वाढवलं तिचं कपाट ठेवायला मला बाहेर काढायचं, हे ठरवताना तुमचा तुटला नाही. तुम्ही मला नुसतं विचारलं असतं की वैनी, शिवकांता इथं नांदायला येतेय, तुम्ही तिच्याजवळ राहा, तर मी त्या दिवशी चांदीला शिंगं रंगवून दारात बांधली असती. पण तुम्हाला ते सुचलं नाही.

इकडचं ऐका. उदगीरपासून निलंग्यापर्यंत आपल्या लोकांत बोभाटा झालाय. तुमच्या शिवकांताची दोन स्थळं फिरली ती त्यामुळंच, हे तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळतं. माझ्याकडंही कुणी पाणी पीत नाही. मठातून निरोप आला की या घरात जंगम पाय ठेवणार नाही. म्हणजे अण्णांच्या नावानं जेवण नाही, आणि मी मेले तर आपल्या रीतीप्रमाणं मातीत बसवताना डोक्यावर पाय ठेवायला स्वामी नाही. हे मी करताना धरून चालले नव्हते. आता कळलंय आणि त्याची भीती वाटते. दिवसा नाही वाटत एवढी.

तेव्हा चूल मोडून टाकली. कुणासाठी पाळायचं? आता माझाही स्वयंपाक गॅसवर होतो. चांगला होतो. वास येत नाही, तुमचं ते खरं होतं.

आता मुख्य. हे लिहायचं म्हणूनच पत्र लिहायला घेतलं, बाकीचं आपोआप आलं.

दोन महिन्यांपूर्वी टेलिफोन खात्यातले एक साहेब आले. बंगालकडचे, हिंदी बोलतात. नवीन जिल्हा म्हणून बदलून आलेत आणि इथंच राहायचं म्हणतात, बायकोला इथली कोरडी हवा मानवते. मला आता सवय झालीय, दारातच सांगून टाकलं की साहेब, गॅस संडासाचा आहे. म्हटलं पळेल. तर तो माणूस चपला काढून परसात गेला, ड्रमला हात लावला, शेगडी पेटवायला लावली आणि खाली वाकून जाळ बघत राहिला. "बहुत अच्छा," म्हणाला. मग भिंतीवर उलटा हात लावून बघितला, गच्चीवर गेला, बंबाच्या नळ्या मोजल्या, उंच खिडक्यांची दोरी ओढून बघितली. खाली येऊन विचारलं, हे कुणी केलं. म्हटलं, माझ्या दिरानं. म्हणाला, त्यांना भेटायला आवडेल, अशी माणसं थोडी असतात.

आणि किंमत बोलला. भावजी, तुम्ही अण्णांना सांगितली होती तीच. दीडपट. वरनं म्हणाला, यात विजेचे, रॉकेलचे, लाकडाचे किती वाचतील याचा हिशेब मी केलाय, मला महाग नाही. रोख देतो. मी विचारलं, मी कुठं जायचं? तर त्याच्या बायकोनं मागची खोली बघितली आणि म्हणाली, इथंच राहा ना माँजी, एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघंच काय करणार.

नाही म्हणायला मला काही कारण उरलं नव्हतं. त्या पैशांत शिवकांताला पुण्याकडं, मुंबईकडं चांगल्या घरी देता आली असती, जिथं उदगीरची बातमी पोचत नाही. अण्णांचं घातलेलं परत आलं असतं. मला खोली होती. हे सगळं माझ्या लक्षात आलं. साहेब चहा पीत होते, गॅसवरचा, कप दोन्ही हातांत धरून, तेवढ्या वेळात सगळं लक्षात आलं.

मी म्हटलं, घर विकायचं नाही.

त्यांनी विचारलं, का? म्हटलं, माझे दीर तयार नाहीत. त्यांचा या घरावर फार जीव आहे.

साहेबांनी लई वाईट वाटून घेतलं. पलीकडच्या आळीत दुसरं घर घेतलं, साधंच, उन्हात तापणारं. आता त्यात दुहेरी भिंत घालून घेतायत, बंब बसवतायत, टाकी खणून झालीय. व्यंकट मिस्त्रीच कामावर आहे. काल जाताना दारात थांबला आणि म्हणाला, मलप्पा सरांनी शिकवलं म्हणून हे काम मिळालं.

तर तुमचं गणित चुकलं नव्हतं, भावजी. असल्या घराला दाम येतो, पुरता दीडपट येतो, तुम्ही म्हणाला होतात तसाच. तुम्ही आयुष्यभर आपण फसलो असं समजून बसला असता, म्हणून कळवलं.

सहीचे कागद मिळाले. सही होणार नाही. मी आहे तोवर हे घर गार राहील आणि मी त्यात राहीन.

तुमच्या अण्णांची बायको,
गौरम्मा